सुटलेल्या झेलाचा रकाना

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१७ एप्रिल २००६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

या पत्रात एकही तक्ता नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू ते शेवटपर्यंत वाचशील. बाबा गेल्यानंतर, २००२ च्या डिसेंबरात, मी तुला जे बारा पानी पत्र पाठवलं होतं त्यात सहा तक्ते होते. त्याचं उत्तर आलं नाही आणि त्यानंतर आपण बोललोही नाही. त्या पत्राविषयी आज मी काही लिहिणार नाही.

परवा इथे जयंती साजरी झाली. चाळीसेक कुटुंबं होती. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, आमच्या तेरा वर्षांच्या मैत्रीने इंग्रजीतून भाषण केलं आणि बरं केलं. जेवणाच्या रांगेत एका मुलीने माझ्या खिशावरची नावाची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "रामटेके म्हणजे अजनीचे का? पंडित सरांचे कोणी?" ती ज्ञानदा, तुझी जुनी विद्यार्थिनी. इथल्या विद्यापीठात एम. एस. करते. ती म्हणाली, "संभाव्यता शिकवताना सर दर वर्षी सांगायचे, माझा धाकटा भाऊ ह्याच धड्यावर अमेरिकेत पोट भरतो."

मी म्हणालो, "तेव्हा सांगत असतील."

"नाही ना. माझी बहीण यंदा त्यांच्याच वर्गात आहे. तिलाही सांगितलं."

मी ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मागच्या माणसाने "सर, पुढे चला" म्हटल्यावर पुढे सरकलो. पत्र लिहिण्याचं धाडस त्या वाक्याने दिलं. कारण मात्र वेगळं आहे. दादा, मी पुन्हा स्कोअरबुक लिहायला लागलो आहे, आणि त्यातली गंमत समजेल असा माणूस मला पृथ्वीवर एकच माहीत आहे.

बेसबॉलचं स्कोअरबुक. मैत्रीला शाळेत पुस्तकं वाचल्याबद्दल बक्षीस म्हणून तिकिटं मिळाली, त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही इथून अर्ध्या तासावरच्या हॉलब्रुक गावी सामन्याला गेलो. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. खालच्या श्रेणीचा संघ, एकोणीस-वीस वर्षांची मुलं. गेली नऊ वर्षं प्रत्येक हंगामात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. यंदा मी संपूर्ण हंगामाची तिकिटं काढली आहेत. तुझी भावजय सुवर्णा म्हणते, जिंकणारा संघ चालला नसता का?

आता हे नीट समजून घे, कारण इथे मजा आहे. आपल्या क्रिकेटच्या वहीत गोलंदाजाचं षटक ही मूळ गोष्ट. चेंडू टाकला की टिंब, नाहीतर आकडा. इथे मूळ गोष्ट म्हणजे फलंदाजाची एक खेप. प्रत्येक खेपेला एक चौकोन, चौकोनात चार तळांचा शंकरपाळा, आणि फलंदाज जिथवर पोहोचला तिथवर पेन्सिलची रेघ. घरी, म्हणजे जिथून निघाला त्या तळावर, परतला तर शंकरपाळा आतून भरायचा. नऊ क्षेत्ररक्षकांना नऊ क्रमांक. चेंडू सहा क्रमांकाने अडवून तीन क्रमांकाकडे फेकला तर लिहायचं सहा-तीन. वीस वर्षांनीही कुणी वही उघडली तर तो चेंडू कोणत्या हातून कोणत्या हाती गेला हे त्याला दिसेल. बाबांनी ही पद्धत पाहिली असती तर आपली लाल-निळी पेन्सिल कानावरून काढून तिथेच बसले असते.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली नसती. या वहीत चुकीला जागा आहे. साधारण प्रयत्नांत पकडता आला असता असा चेंडू खेळाडूने सोडला, तर स्कोअरर त्याच्या नावावर 'चूक' मांडतो. मैदानावरच्या फलकावरही धावांच्या शेजारी चुकांचा स्वतंत्र रकाना असतो, हजारो लोकांना दिसेल असा.

तुला रेल्वेच्या मैदानावरचा तो अंतिम सामना आठवत असेल. मिडऑनला तुझ्या हातून झेल सुटला. स्कोअर लिहिणाऱ्या बाबांच्या शेजारी मी निंबाखाली बसलो होतो. मी विचारलं, हे कुठे लिहायचं? ते म्हणाले, "सुटलेल्या झेलाला वहीत रकाना नसतो. झालं ते लिहायचं. व्हायला हवं होतं ते लिहायला बसलो तर वही पुरायची नाही."

शोभावहिनींना नमस्कार.

तुझा,
गुरुदत्त


कॅरी
२९ मे २००६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही, आणि मी त्याची अपेक्षाही धरली नव्हती. पण काल ज्ञानदाचा फोन आला. तिची बहीण सांगत होती म्हणे, सरांनी तास संपल्यावर तिला थांबवून विचारलं की बेसबॉलमध्ये सामना अनिर्णित राहतो का. नाही राहत, दादा. निकाल लागेपर्यंत खेळतात. एकदा इथे नेहमीच्या नऊऐवजी अठरा डाव झाले होते.

तेव्हा मी पुढे लिहितो.

आम्ही तिसऱ्या तळामागच्या बाकांवर बसतो. आमच्या रांगेत दोन पक्ष आहेत. वादाचा विषय एकच: हा संघ वाईट आहे की वाईट चालवला जातो? इथे सामन्यातले सगळे निर्णय कर्णधार घेत नाही, मॅनेजर घेतो. मैदानाबाहेरच्या बाकावर बसून. आमच्या मॅनेजरचं नाव डेल प्रूइट. पाच हंगाम तोच आहे. तंबाखू न खाता तंबाखू खाणाऱ्यासारखा गाल फुगवून बसतो.

विरोधी पक्षाचा नेता अतुल. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तो एकतीसचा, मी सेहेचाळीसचा. तरी मला काका म्हणतो. प्रूइटच्या बाजूने एकटी मिस लॉरेटा. तिने तीस वर्षं गावात टपाल वाटलं, आता निवृत्त आहे. इथल्या दक्षिणेकडच्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळे तिच्या नावाआधी 'मिस' लावतात. तिच्याकडे पहिल्या सामन्यापासूनच्या वह्या आहेत. माझ्या वहीत तिने पहिल्याच दिवशी डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "रेघ हलकी ओढ. खोडावी लागते कधीकधी."

शनिवारचा प्रसंग सांगतो. आमच्या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, सहा डावांत एकही धाव दिली नव्हती. आम्ही एका धावेने पुढे. प्रूइट शांतपणे चालत आला आणि त्याला बाहेर काढलं. नव्या पिचरने दहा मिनिटांत चार धावा दिल्या.

अतुल उभा राहिला. "काका, हा माणूस झोपलाय का? पोरगा झीरोवर खेळवतोय आणि ह्याने त्याला रिमूव्ह केलं. फायर करा यार ह्याला."

"खाली बस, बाळा," मिस लॉरेटा म्हणाली. "तुझ्या मागे बसलेल्यांनीही तिकीट काढलंय."

"नऊ वर्षं, मिस लॉरेटा. नऊ."

"मी अकरा वर्षं येते. मला मोजता येतं."

"मग तुम्हीच सांगा, त्याला का काढलं?"

"त्याला विचार. तो तिथे बसलाय, मी इथे बसलेय."

अतुल माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही स्टॅटिस्टिशियन आहात ना? डेटा काय म्हणतो?"

दादा, मला असा प्रश्न विचारू नये. भुकेल्याला जेवतोस का विचारल्यासारखं होतं. मी वही चाळली. पुढे असताना पिचरला बाहेर काढल्याचे आतापर्यंत चौदा प्रसंग, त्यांपैकी दहा सामने हरले. शिवाय हेक्टर नावाचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे सहा क्रमांकाचा क्षेत्ररक्षक, आहे, एकोणीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला. फलंदाजीच्या क्रमात तिसरी जागा संघातल्या उत्तम फलंदाजाची असते. हेक्टरच्या बॅटला सहा खेपांत एकदा चेंडू नीट लागतो, तरी रोज तिसऱ्या जागेवर तोच. हे खेळाच्या कोणत्याही तर्कशास्त्रात बसत नाही.

मी आकडे सांगितले. अतुलने मिस लॉरेटाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती पेन्सिलला टोक करत होती. टोक करून झाल्यावर म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. मीही तेच लिहिलेत."

मी या विषयाचं पद्धतशीर मूल्यमापन करायचं ठरवलं आहे.

तुझा,
गुरुदत्त


कॅरी
९ जुलै २००६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

ज्ञानदाकडून तुझा निरोप मिळाला, जर त्याला निरोप म्हणता येत असेल तर: "तो पोरगा अजून तिसऱ्या नंबरवरच येतो का?" येतो. रोज.

मूल्यमापन पूर्ण झालं, आणि ते कसं झालं हे तुला क्रमाने सांगायला हवं.

जूनभर कामावरून आल्यावर जेवणाच्या टेबलावर वह्या मांडून मी बसत होतो. चौदा पानं झाली. प्रस्तावना, माहितीचं स्वरूप, पद्धत, निष्कर्ष. टाळता आले असते असे सत्तावीस पराभव. प्रत्येकाची तारीख, निर्णय आणि पर्यायी निर्णय. मी ते छापून, वरच्या कोपऱ्यात स्टेपलची पिन मारून ठेवलं. मैत्रीने ते उचललं, दोन पानं उलटली आणि म्हणाली, "डॅड, धिस लुक्स लाइक द लेटर यू सेंट काका."

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मला वाटलं नव्हतं तिच्या लक्षात असेल. मी म्हणालो, तो विषय निराळा होता. ती म्हणाली, "सेम स्टेपल," आणि वर निघून गेली.

मी एक प्रत अतुलला दिली, एक मिस लॉरेटाला दिली. अतुलने रांगेत वाचून दाखवलं. मिस लॉरेटाने घरी नेलं आणि दोन दिवसांनी परत आणलं. "यात एकही चूक सापडली नाही," ती म्हणाली. "फक्त एक सांग. तो जिंकायचा प्रयत्न करतोय, असं तुला कोणी सांगितलं?"

मला वाटलं ती चेष्टा करते आहे.

एक जुलैला, शनिवारी सकाळी, मैदानावर 'मॅनेजरबरोबर कॉफी' असा कार्यक्रम होता. कागदी पेले, डोनट, पंधरावीस लोक. मी प्रूइटच्या हातात चौदा पानं ठेवली. अतुल माझ्या मागे उभा होता. प्रूइटने चष्मा लावला आणि खरोखर वाचलं, दादा. चाळलं नाही. पाचव्या पानावर थांबून म्हणाला, "बारा मेचा सामना तुम्ही माझ्यावर घातलाय. बरोबर आहे. ती माझीच घोडचूक. आणि तीन जूनचीही." मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, आणि मला वाचता येईल असा धरला.

संघ एका मोठ्या संघाच्या मालकीचा आहे. इथली सगळी मुलं त्या वरच्या संघाची, मॅनेजरही त्यांचाच. दर आठवड्याला वरून सूचना येतात. अमुक पिचरने पंचाहत्तरच्या वर चेंडू टाकायचे नाहीत, त्याच्या कोपराची काळजी घ्यायची आहे. हेक्टरने ऑगस्टपर्यंत रोज तिसऱ्या जागेवर खेळायचं, कितीही वेळा बाद झाला तरी, कारण उत्तम गोलंदाजी त्याच जागेवर समोर येते आणि ती पाहिल्याशिवाय तो शिकणार नाही.

"म्हणजे हरणं हे तुमचं काम आहे?" अतुलने विचारलं.

"मुलं मोठी करणं हे माझं काम आहे. हरणं त्यात येतं."

"मग हे लोकांना सांगत का नाही? लोक रोज तुम्हाला शिव्या देतात, आय मीन, आम्ही देतो."

प्रूइटने कागदाची घडी घातली. "मी सांगितलं की हेक्टर शिकाऊ म्हणून तिथे आहे, तर उद्यापासून तुम्ही त्याला ओरडाल. त्याला इंग्रजी येत नाही, पण ओरडणं सगळ्यांना कळतं. मला ओरडा. मी इथे जवळ बसलोय, माझी कातडी जाड आहे."

मग माझे कागद नीट करून त्याने मला परत दिले आणि म्हणाला, "चांगलं काम आहे. दुसऱ्या सामन्याबद्दल आहे, एवढंच."

अतुलला अजूनही पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, नऊ वर्षं हरायला शिकवून मुलं जिंकायला कशी शिकतील? हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. वाद चालू राहील. मी मात्र त्या दिवशी सामना न पाहताच घरी आलो.

तुझा,
गुरुदत्त


कॅरी
२३ जुलै २००६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

आज बेसबॉल नाही.

जून २००२ मध्ये बाबांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. तू मला फोनवर म्हणालास, पोटाचा त्रास आहे, काळजीचं कारण नाही. रिपोर्ट मी शोभावहिनींकडून मागवून घेतले. मग मी तुला सांगितलं की त्यांना मुंबईला हलव. औषधांची नावं कळवली, डॉक्टरांची नावं कळवली. तू हलवलं नाहीस. नऊ नोव्हेंबरला बाबा गेले. आणि महिन्याभराने मी तुला बारा पानांत सिद्ध करून दाखवलं की तुझ्या कारभारामुळे त्यांचं आयुष्य किती कमी झालं. 'कारभार' हा शब्द मी वापरला होता. मला तो आठवतो.

त्या पत्रात एक वाक्य होतं: 'कामाच्या व्यापामुळे मला येता आलं नाही.' ते खोटं होतं.

खरं काय ते लिहितो. माझा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा प्रलंबित होता. परवानगीच्या कागदाशिवाय देश सोडला असता तर अर्ज रद्द धरला गेला असता, आणि आदल्या वर्षीच्या अकरा सप्टेंबरनंतर ती परवानगी मिळायला महिनेच्या महिने लागत होते. इथवर खरं आहे आणि इथवर माझा दोष नाही. पण तो कागद तीन सप्टेंबरला आला, दादा. बाबा त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ होते. वकील म्हणाला, खुशाल जाऊन या. मी सुवर्णाला सांगितलं की वकील नको म्हणतोय. कागद टेबलाच्या खणात ठेवला. तो कागद आला होता हे तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

का गेलो नाही, याची मी चार वर्षं बरीच कारणं तयार केली आहेत. विमानतळावर परत अडवतील ही भीती होती, ती खरी होती. पण तिच्या खाली दुसरी होती. मला माहीत असलेले आकडे घेऊन रोज बाबांच्या पलंगाशेजारी बसावं लागलं असतं, आणि तिथे मला मोजण्यासारखं काही उरलं नसतं. इथे बसून मला तुझ्या चुका मोजता येत होत्या. ते सोपं होतं.

ज्या माणसाने आजाऱ्याची उशी एकदाही सरळ केली नाही, त्याने ती रोज करणाऱ्याच्या नावावर चुका मांडल्या. हे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्याच हस्ताक्षरात राहील.

आता एकच प्रश्न विचारतो. तक्ता नाही, पद्धत नाही. प्रूइटच्या खिशात जसा कागद होता, तसं काही तुझ्याजवळ होतं का? बाबांनी तुला काही सांगून ठेवलं होतं का?

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पण हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, आणि मला ते न कळता पुढची वर्षं काढायची नाहीत.

तुझा,
गुरू


कॅरी
१० सप्टेंबर २००६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. मी ते टपालपेटीपाशीच उघडलं. हातातल्या किल्ल्या गवतात पडल्या त्या मैत्रीने नंतर शोधल्या.

आत माझीच बारा पानं होती, पण ओळखीची वाटेनात. प्रत्येक पानाच्या समासात तुझी लाल 'बरोबर'ची खूण, दहावीच्या पेपरवर असते तशी. तारखेवरून दिसतं, तू ती २००२ च्या डिसेंबरातच तपासली होतीस आणि पाठवली नाहीस. शेवटच्या पानावर, सहीच्या जागी, तुझा शेरा: 'पान ७ ची एक चूक सोडता गणित बरोबर. प्रश्न मात्र चुकीचा उतरवून घेतला आहेस.'

दादा, मिस लॉरेटाला दोन दिवस लागले आणि प्रूइटला एक पेला कॉफी. तुला ते चार वर्षांपूर्वीच एका ओळीत सांगता येत होतं. पाठवलं असतंस तर मी आणखी बारा पानं लिहिली असती, हेही तुला ठाऊक होतं.

सोबतची तुझी चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली आहे की पाठ झाली. तरी ती इथे उतरवतो. मूळ कागद फाटला, हरवला तरी ती दोन्ही घरांत असावी.

'गुरू, पत्रं सगळी मिळाली. बाबा जुलैत म्हणाले, मुंबईला जाऊन दोन महिने जास्त मिळतील, तेही पलंगावरचे. त्यापेक्षा दसऱ्याला मला दीक्षाभूमीवरच्या आपल्या पाण्याच्या स्टॉलवर खुर्ची टाकून दे. गुरूला एवढ्यात कळवू नको, तो लगेच निघेल आणि त्याचं तिकडचं दार बंद होईल. रागावला तर तुझ्यावर रागावू दे, तू जवळ आहेस. त्या दसऱ्याला त्यांनी साडेतीन तास पाणी वाटलं. मी पेले भरून देत होतो.

'तुझा परवानगीचा कागद आल्याचं सुवर्णाने शोभाला सप्टेंबरातच फोनवर सांगितलं होतं. शोभाने मला सांगितलं, मी बाबांना.  बाबा म्हणाले, हे त्याला कधी विचारू नको. सुटलेल्या झेलाला वहीत रकाना नसतो.

'हेक्टरचं काय झालं ते कळव. पंडित.'

मी चार वर्षं समजत होतो की तुझ्याजवळ उत्तर नाही म्हणून तू गप्प आहेस. तुझ्याजवळ एका ओळीचं उत्तर होतं. 'कागद आला होता, तरी तू आला नाहीस' एवढं लिहून माझी बारा पानं तू पोस्टाच्या एका कार्डावर संपवू शकला असतास. ते तू लिहिलं नाहीस. उलट वर्गावर जाऊन पोरांना सांगत राहिलास की माझा भाऊ ह्या धड्यावर पोट भरतो.

कृतज्ञतेबद्दल लिहिण्याची मला सवय नाही, म्हणून ती मला येतात त्या क्रमाने मांडतो. तू बाबांना दसऱ्याला खुर्ची दिलीस. पेले भरून दिलेस. शोभावहिनींनी सुवर्णाची ती गोष्ट चार वर्षं या कानाची त्या कानाला कळू दिली नाही, आणि तरी दर दिवाळीत फोन करत राहिल्या. त्याचा अर्थ मला आता लागतो. आणि बाबांनी मला विचारलं नाही. त्यांना वाटलं होतं मी लगेच निघेन. मी निघालो नाही हे कळल्यावरही त्यांनी मला विचारलं नाही. याबद्दल आभार कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते मला कळत नाही, म्हणून तुझ्या पत्त्यावर पाठवतो.

तुझी एक चूक मात्र नोंदवतो, प्रूइटनेही स्वतःच्या दोन मान्य केल्या होत्या. शेरा लिहून झाल्यावर पेपर विद्यार्थ्याला परत द्यायचा असतो.

आता हेक्टर. जुलैच्या अखेरीस त्याच्या बॅटला चेंडू लागू लागला. सहा खेपांत एक होता, तो ऑगस्टमध्ये साडेतीन खेपांत एक झाला. वीस ऑगस्टला त्याला वरच्या श्रेणीच्या संघात पाठवलं. त्या दिवशी प्रूइट आमच्या कठड्यापाशी आला, मिस लॉरेटाला टोपी काढून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "पंधरावं पान लिहा." त्याच्यानंतर संघ आणखी वाईट हरला. एकसष्ट जिंकले, अठ्ठ्याहत्तर हरले. दहावं वर्ष. अतुलचं मत कायम आहे: "काका, इमोशनल होऊ नका. बगळे बॅडली मॅनेज्ड आहेत, पिरियड." पुढच्या वर्षाची तिकिटं त्यानेही काढली आहेत.

शेवटच्या सामन्यात मिस लॉरेटाने माझी वही मागून घेतली. मी एका मुलावर चूक मांडली होती. चेंडू त्याच्या हातमोज्याला लागून गेला होता. ती म्हणाली, "हा चेंडू मी जवळून पाहिला, टप्पा वाईट पडला. खोडून टाक." मी म्हणालो, इतके दिवस मला हलकी रेघ ओढायला सांगत होतीस ती यासाठीच का? ती म्हणाली, "नाही. तू खूप दाबून लिहितोस, पेन्सिल लवकर संपते."

यंदा दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत आहेत. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि त्या गर्दीत उभे होते, हे मैत्रीला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिने विचारलं, "कॅन वी जस्ट गो?" आम्ही तिघेही सत्तावीस सप्टेंबरला निघतो. माझ्याकडे आता ग्रीन कार्ड आहे, कुणाच्या परवानगीचा कागद लागत नाही. दोन ऑक्टोबरला दसरा. स्टॉलवर बाबांची खुर्ची असेल तर तिच्यावर तू बस. या खेपेला पेले मी भरून देईन.

आणि पान सात. तक्ता तिसरा, निदानापासून अखेरच्या दिवसापर्यंतचे दिवस. मी एकशे त्रेचाळीस लिहिले होते, तू लाल पेन्सिलने एकशे बेचाळीस केलेस. वीस वर्षं मी आकड्यांवर पोट भरतो आहे. मला वाटलं तुझीच काही गफलत झाली असेल. काल बसून एकेक महिना पुन्हा मोजला. मी सप्टेंबरचे एकतीस दिवस धरले होते. तू ते दिवस मोजले नव्हतेस, काढले होतेस.

सप्टेंबर तीसच दिवसांचा होता. तुझं बरोबर आहे.

तुझा,
गुरू